गाय सारखी उलटतेय? इंजेक्शनाच्या आधी तारखा बघा

गाय वेळेवर माजाला येते, आपण भरवून घेतो, आणि 20-21 दिवस झाले की दावणीला पुन्हा तेच हंबरणं. परत फोन, परत कांडी (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याची नळी), परत वाट बघणं. तीन किंवा जास्त वेळा भरवूनही गाभ धरला नाही, माजाचं चक्र नियमित आहे, सोट (माजात पडणारा चिकट स्राव) वरून स्वच्छ दिसतो, अशी गाय उलटणारी समजतात. वाळवा, पलूस, मिरज, कराड, कुठंही सकाळी डेअरीच्या रांगेत थांबा, कुणाच्या ना कुणाच्या घरची अशी गाय बोलण्यात येतेच.

प्रत्येक उलटण्यात तीन आठवड्यांचं वैरण-पेंड जातं आणि दूध हळूहळू उतरत जातं. गाय व्यायची लांबली की वर्षभरात ती भाकड होते. मग बाजार. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळं भाकड गाईला धड गिऱ्हाईक नसतं आणि ती या दावणीवरून त्या दावणीवर, दर वेळी आधीपेक्षा वाईट जागी जाते. जाण्याआधी तिनं किती इंजेक्शनं सोसलेली असतात, किती वेळा हात घालून घेतलेला असतो, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं, कारण यातल्या पुष्कळ गाईंमध्ये मुळात काही बिघडलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. गाय उलटली की लगेच 'पिशवीत (गर्भाशयात) काहीतरी आहे, एखादं भारी इंजेक्शन द्या' असं म्हणू नका. आधी तारखा बघा, मग घड्याळ, मग गव्हाण. पिशवीची तपासणी त्याच्यानंतर, आणि ती डॉक्टरांकडूनच.

तारखा काय सांगतात

गाईचं माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं, 18 ते 24 दिवसांत कुठंही बसलं तरी ठीक. दोन माजांमधलं अंतर बघितलं की बिघाड कुठल्या बाजूला शोधायचा ते निम्मं कळतं.

अंतर 18 ते 24 दिवस असेल तर अंडाशय काम करतंय. एकतर फळलंच नाही, म्हणजे वेळ किंवा कांडी चुकली, नाहीतर फळलं पण गर्भ पहिल्या दोन आठवड्यांतच मेला. गर्भ जिवंत असेल तर तो 16-17 व्या दिवसाच्या सुमाराला गाईच्या शरीराला खूण देतो आणि पुढचा माज थांबतो. त्याच्या आधीच तो गेला तर शरीराला पत्ताच लागत नाही आणि गाय ठरल्या दिवशी माजाला येते.

अंतर 36 ते 48 दिवस असेल तर बहुतेक वेळा मधला एक माज आपल्या नजरेतून सुटलाय. गाय बरोबर होती, आपण बघितलं नाही. 25 ते 35 च्या दरम्यान विचित्र कुठंतरी आली तर गर्भ धरून नंतर मेला असण्याचा संशय घ्यायचा, आणि असं दोनदा झालं तर पिशवी तपासायलाच हवी. 17 दिवसांच्या आतच पुन्हा माज दिसला तर दोन्हीतला एक माज खरा नव्हता, किंवा अंडाशयावर गाठ आहे. आठ-दहा दिवसांनी सारखी हंबरणारी, दुसऱ्या गाईंवर चढणारी, शेपटीच्या बुडाशी खड्डे पडलेली गाय असेल तर गाठीची शक्यता जास्त. तिथं तारखांचं काम संपलं, डॉक्टर बोलवा.

शेजारच्या काकींच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) गाईचं उदाहरण देतो. काकी म्हणाल्या, "दादा, ही गाय आता घालवायची. चारदा भरली, राहतच न्हाई." मी विचारलं, "तारखा हाईत का?" त्या म्हणाल्या, "हाईत की, कॅलेंडरवर." भिंतीवरचं पतसंस्थेचं कॅलेंडर खाली काढलं. दुधाचा हिशोब, पेंडेच्या पोत्याची उधारी, आणि त्याच गर्दीत पेन्सिलीनं गोल केलेल्या चार तारखा: 4 नोव्हेंबर, 25 नोव्हेंबर, 6 जानेवारी, 27 जानेवारी. अंतरं काढली तर 21, 42 आणि 21. म्हणजे 16 डिसेंबरचा माज कुणी बघितला नव्हता, बाकी गाय घड्याळासारखी चालू होती. एवढ्यावरून अंडाशयाची काळजी मिटली. मग विचारलं, माज कधी दिसतो आणि डॉक्टर कधी येतात? दर वेळी सकाळी धारंला बसताना सोट दिसायचा, फोन लगेच जायचा, पण गावातली फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी असायची. तेव्हा गाय भरली जायची.

पुढचा माज 17 फेब्रुवारीच्या आसपास येणार हे मग सरळच होतं. 15 तारखेपासून रात्री जेवण झाल्यावर गोठ्यात एक चक्कर ठरवली. 16 तारखेला रात्री नऊच्या पुढं गाय हंबरायला लागली, उठबस करायला लागली, रवंथ थांबला. बाराच्या सुमाराला सोटाची लोंबती तार दिसली. म्हणजे सकाळी सहाला 'आत्ताच माजाला आली' असं जे दर वेळी वाटायचं, तो माज खरं तर आदल्या रात्रीचा होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरेपर्यंत माज सुरू होऊन दीड दिवस उलटलेला असायचा. या खेपेला डॉक्टरांना पहाटेच फोन केला, 17 तारखेला सकाळी दहाला गाय भरली. एप्रिलच्या शेवटी तपासली तेव्हा ती गाभण निघाली. एकही इंजेक्शन लागलं नाही.

प्रत्येक गाय अशी सुटेल असं मी म्हणत नाही. पण बिनखर्चाची तपासणी आधी करायला काय हरकत आहे?

वहीत लिहायचं ते थोडकं आहे: व्यायची तारीख, वार (वासराबरोबरची झार) पडायला किती वेळ लागला, माज पहिल्यांदा कुणाला आणि किती वाजता दिसला, सोटाचा रंग, कधी भरली, कुठल्या वळूची कांडी. कांडीवर वळूचा नंबर आणि जात छापलेली असते, भरून झाल्यावर रिकामी कांडी मागून घ्या आणि नंबर उतरवा. कानात 12 आकडी बिल्ला असेल तर भरल्याची नोंद त्या नंबरवर ऑनलाईन करायला सांगा. तरीही घरची वही सोडू नका, मोबाईलवर रात्रीचे वाजलेले तास कुणी भरत नाही.

घड्याळ

गाईचा माज 12 ते 18 तास टिकतो. स्त्रीबीज सुटतं ते माज संपल्यावर साधारण 10 ते 14 तासांनी. सुटलेलं बीज फळण्याजोगं राहतं जेमतेम 6 ते 12 तास. कांडीतल्या शुक्राणूंना पिशवीत जाऊन फळवण्यालायक व्हायला काही तास लागतात आणि ते सुमारे एक दिवस जगतात. हे सगळं जुळायचं तर शुक्राणू आधी पोचून वाट बघत असले पाहिजेत, पण फार आधी नाही. म्हणून जुना नियम अजूनही खरा आहे: माज सकाळी सुरू झाला तर त्याच दिवशी संध्याकाळी भरा, संध्याकाळी सुरू झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

नियम सगळ्यांना पाठ असतो, चूक होते ती 'सुरू झाला' या ठिकाणी. आपल्याला दिसला म्हणजे सुरू झाला असं नसतं. गाई जास्त करून रात्री आणि पहाटे माज दाखवतात, तेव्हा गोठ्यात कुणी नसतं. याच्या उलट चूकही होते. सकाळी गाय एकदा हंबरली, डॉक्टर गल्लीतून चाललेच होते, आठलाच भरून गेले. तासा-दोन तासांच्या माजात भरलेली कांडी बीज सुटेपर्यंत दम धरत नाही.

माजाची खरी पक्की खूण म्हणजे दुसरी गाय वर चढली तरी ही शांत उभी राहते. मुक्त संचार गोठ्यात, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या ठेवतात तिथं, हे लांबूनही दिसतं, आणि मला त्या गोठ्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. पण ज्यांच्या दावणीला एक किंवा दोनच गाई बांधलेल्या आहेत त्यांना ही खूण मिळणार नाही. त्यांनी बाकीच्या खुणा बघायच्या: वैरणीवरून लक्ष उडणं, धारंला पान्हा न सोडणं, थोडं थोडं सारखं मुतणं, शेपूट बाजूला धरणं, निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सुजून आतून लालसर ओलं दिसणं, आणि काचेसारखी पारदर्शक, न तुटणारी लांब तार. पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री झोपायच्या आधी, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. शेण काढताना, वैरण टाकताना बघितलेलं धरायचं नाही, तेव्हा गाईचं लक्ष वैरणीकडं असतं आणि आपलं कामाकडं. जमलं तर दिवसातून एक-दोन वेळा गाय सोडून मोकळ्यात फिरवा.

शेपटीला रक्त दिसलं की काहीजण घाईनं डॉक्टरांना बोलावतात. ते रक्त माज संपल्यानंतर, एक-दोन दिवसांनी येतं. त्या दिवशी भरून काहीच उपयोग नाही. तारीख लिहा आणि तिथून 18-19 दिवसांनी लक्ष ठेवा.

काही गाईंचा माज 24 तासांच्या पुढं लांबतो, सोट पडतच राहतो. तिच्यात बीज उशिरा सुटतं. पहिल्यांदा भरल्यानंतर 24 तासांनीही माज तसाच असेल तर दुसऱ्यांदा भरतात, किंवा भरतानाच बीज सुटायला मदत करणारं संप्रेरक देतात. कुठलं आणि किती, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण माज किती तास होता हे त्यांना सांगू शकणारे तुम्ही एकटेच आहात.

कांडी भरताना

इथं आपण काय करू शकतो? बघू शकतो आणि विचारू शकतो. कांडी द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर असते. बाहेर काढली की 37 अंशांच्या कोमट पाण्यात साधारण 30 सेकंद धरायची, पुसून कोरडी करायची आणि लगेच भरायची. खिशात घालून, हातात चोळून, उन्हात गाडीवर ठेवून आणलेल्या कांडीत जीव फार कमी उरतो. कोमट पाण्याचा तांब्या आणि स्वच्छ फडकं तुम्ही स्वतः तयार ठेवा. बहुतेक पशुधन पर्यवेक्षक आणि डॉक्टर हे व्यवस्थित करतात, दिवसाला कित्येक गोठे फिरून करतात, आणि पाणी तयार मिळालं तर त्यांनाही बरं वाटतं.

गाय सावलीत, ओळखीच्या जागी बांधलेली असावी. तिला मारून, शेपूट पिरगळून उभी करू नका. घाबरलेल्या गाईच्या अंगात जी संप्रेरकं वाढतात ती या कामाच्या विरुद्ध जातात, शिवाय तिची काही चूक नसते. भरल्यानंतर सोट गळाला तर बीज गळालं असं नाही, कांडी गर्भाशयाच्या मुखापलीकडं सोडलेली असते. म्हणून तिला तासन्‌तास बसू न देण्याचीही गरज नाही.

कालवडीच व्हाव्यात म्हणून मिळणारी लिंगनिर्धारित कांडी उलटणाऱ्या गाईला वापरू नका. साध्या कांडीत सुमारे 2 कोटी शुक्राणू असतात, लिंगनिर्धारित कांडीत त्याच्यापेक्षा कितीतरी कमी. ती निरोगी कालवडींसाठी आणि पहिल्या प्रयत्नासाठी चांगली.

'कांडीनं राहत नाही, वळू दाखवा' हा सल्ला गावात हमखास मिळतो. कधीकधी राहतेही, कारण वळूला वेळ आपल्यापेक्षा बरोबर कळते. पण गावभर फिरणाऱ्या, न तपासलेल्या वळूकडून असे रोग येतात ज्यांनी गाय पुढं वर्षभर उलटत राहते आणि गाभण राहिली तरी गाभडते. वळू वापरायचाच तर तपासलेला वापरा.

सोट, वार आणि पिशवी

माजाच्या सोटाची तार हाताच्या दोन बोटांत धरून उजेडात बघा. पाण्यासारखी स्वच्छ असली तर उत्तम. ढगाळ, पांढरट, पिवळसर, त्यात पुवाचे कण किंवा वास असला तर त्या माजाला गाय भरायचीच नाही. आधी औषधोपचार, मग पुढचा माज. त्या दिवशी भरलेली कांडी वाया जाते आणि जंतू आणखी आत ढकलले जातात.

अवघड केस ती, जिथं सोट स्वच्छ दिसतो पण पिशवीला आतून थोडी सूज असते. ती डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टर सोटाची साधी रासायनिक चाचणी गोठ्यातच करू शकतात, आणि प्रयोगशाळेत पाठवून कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालतं हेही काढता येतं. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सातारा-सांगलीच्या लोकांना अडलेल्या केससाठी ते जवळचं आहे. 'पिशवी धुवून घ्या' म्हणून दर माजाला काहीतरी आत सोडत राहणं हा उपाय नाही. चुकीचं किंवा तीव्र औषध आतलं नाजूक अस्तर जाळतं. आणि प्रतिजैविक दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस ते दूध डेअरीला घालू नका.

या सुजेचं मूळ बहुतेक वेळा मागच्या विण्यात असतं. वार साधारण 8 ते 12 तासांत पडते. 24 तासांनंतरही पडली नाही तर ती अडकली. लोंबत्या वारेला वीट नाहीतर जुनी चप्पल बांधायची पद्धत अजून दिसते. कृपा करून हे बंद करा. त्या वजनानं वार आत तुटते, तुटलेला तुकडा कुजतो आणि पिशवीला इजा होते. ओढून काढायचा हट्टही करू नका. ताप बघा, खाणं बघा, डॉक्टरांना बोलवा. व्यायची जागा कोरडी, स्वच्छ, शक्य तर वेगळी असावी. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर कृष्णाकाठच्या गोठ्यांत कित्येक दिवस चिखल होता. अशा ओल्यात व्यालेल्या गाईची पिशवी वेळ काढून तपासून घ्यायलाच हवी.

पिशवी पूर्ववत व्हायला सुमारे 40 दिवस लागतात. व्याल्यावर 60 दिवसांच्या आत भरायची घाई नको. पहिला माज दिसला तरी तो फक्त वहीत लिहायचा.

वाडं, पेंड आणि खनिजं

आपल्या भागाची स्वतःची अशी एक अडचण आहे. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीबरोबर वाडं (वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे) मिळतं, स्वस्त किंवा फुकट, आणि तीन-चार महिने गव्हाणीत दुसरं काही दिसत नाही. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते कॅल्शियम गाईला मिळत नाही. वाढ्यात प्रथिनंही कमी. रोज 15-20 लिटर दूध देणारी गाय दुधावाटे कॅल्शियम घालवते, वाडं राहिलेलं अडवून धरतं. माज मंद होतो, पिशवी सैल पडते, वार अडकते, आणि हे सगळं पुढच्या चार-सहा महिन्यांत दिसतं, तेव्हा वाढ्याचा हंगाम संपलेला असतो. म्हणून कुणाला संशयच येत नाही.

वाडं बंदच करा असं सांगून भागणार नाही, ज्याच्याकडं अर्धा एकर रान आहे त्यानं दुसरं काय घालायचं? पण एकट्या वाढ्यावर गाय ठेवू नका. कुट्टी करून कडबा, मका किंवा मुरघास आणि थोडा लसूणघास मिसळा. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात ते याच ऑक्झॅलेटसाठी. चांगलं खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅमच्या आसपास, दूध जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून थोडं वाढवून, बाराही महिने द्या. मीठ वेगळं आणि खनिज मिश्रण वेगळं. आजारी पडल्यावर आठ दिवस पुडा आणायचा आणि नंतर विसरायचं, त्यानं काही होत नाही.

व्याल्यानंतर सहा-आठ आठवड्यांत दूध चढतं, पण गाईची भूक त्याच्या मागून चढते. मधल्या काळात ती अंगावरचं मांस-चरबी जाळून दूध देते. बरगड्या मोजता येतील अशी गाय झाली, पुठ्ठ्याची हाडं वर आली, की शरीर गाभ धरायच्या मनःस्थितीत नसतं. तिला तेव्हा संप्रेरकाच्या इंजेक्शनापेक्षा पोटभर चांगली वैरण लागते. एकदम पेंड वाढवणंही वाईट, पोट आंबतं. आणि नुसती प्रथिनाची पेंड वाढवून रक्तात युरिया चढला तरीही गर्भ टिकायला त्रास होतो. वैरण आणि पेंड दोन्ही हळूहळू, एकमेकांच्या प्रमाणात.

माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या लोकांची तक्रार पुष्कळदा निराळी असते, गाय माजालाच येत नाही. ती वैरणीच्या टंचाईची, खंगलेल्या जनावराची गोष्ट आहे, तिला उलटणं म्हणू नये, तिचा उपाय गव्हाणीतून सुरू होतो.

बाकीचं थोडक्यात

मार्च ते मे या काळात भरलेल्या गाई जास्त उलटतात. भरल्यानंतरचा पहिला आठवडा गर्भ उष्णतेला फार नाजूक असतो. पत्र्याखाली बांधलेल्या एचएफला तो आठवडा तरी झाडाची सावली, पंखा, अंगावर पाणी आणि दिवसभर समोर गार पाणी द्या. भरायची वेळही सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात धरा.

म्हशीचा माज मुका असतो. ती हंबरेलच, तार लोंबेलच असं नाही, उन्हाळ्यात तर माज जवळजवळ लपतोच. रात्रीची चक्कर म्हशीला गाईपेक्षा जास्त लागते, आणि तपासलेला रेडा जवळ असेल तर तो आपल्या आधी ओळखतो.

कालवड कधीच माजाला आली नसेल आणि ती खोंडाबरोबर जुळी जन्मली असेल तर ती बहुधा वांझच असते. तिच्यावर औषधांचा मारा करू नका.

लंपी होऊन गेलेल्या, मोठा ताप येऊन गेलेल्या गाईला सावरायला वेळ द्या.

पाचव्या महिन्यानंतर गाभडलेली गाय असेल, पाठोपाठ वार अडकली असेल, तर ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसाला होतो, उलटसुलट ताप आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. पडलेलं वासरू, वार उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्यांपुढं टाकू नका, चुना घालून खोल पुरा. गोठ्यातल्या 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस एकदाच द्यायची असते, सरकारी मोहिमेत ती फुकट मिळते. कच्चं दूध घरात कुणालाही देऊ नका.

डॉक्टर आले की

वही हातात द्या. "गाय उलटतेय" एवढंच न सांगता "व्याली अमुक तारखेला, वार इतक्या तासांनी पडली, माज इतक्या वेळा, अंतर एवढं, माज एवढे तास टिकतो, वैरण ही" असं सांगा. डॉक्टरांचं निम्मं काम तिथंच होतं आणि गाईला विनाकारण हात घालावा लागत नाही.

कुठलंही संप्रेरकाचं इंजेक्शन देण्याआधी ती गाभण नाही ना हे तपासायला लावा, हे हक्कानं सांगा. गाभण असूनही माजासारखी वागणारी गाय असते. माज आणण्यासाठी देतात त्यातलं एक इंजेक्शन गाभण गाईला दिलं तर ती गाभडते. मेडिकलमधून आणून, कुणाच्या सांगण्यावरून घरच्या घरी टोचणं म्हणून इतकं धोक्याचं. पान्हा सोडायला रोज दोन्ही वेळ ऑक्सिटोसिन टोचणारे लोकही आहेत. त्याचा गाईला नुसता त्रास आहे, वासरू समोर आणा, कास कोमट पाण्यानं धुवा, पान्हा येतो.

तालुक्याच्या दवाखान्याकडून वंध्यत्व निवारण शिबिरं होतात, तिथं गाय तपासून घ्या. दवाखाना लांब असेल तर 1962 या टोल-फ्री नंबरवर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा.

भरल्यावर 21 दिवसांनी परत आली नाही म्हणून गाभण धरून चालू नका, मधला माज सुटलेला असू शकतो. 60 दिवसांनंतर हात घालून खात्री करून घ्या, सोनोग्राफीची सोय असेल तर महिन्यातच कळतं. गाभण निघाली की भरल्याच्या तारखेत नऊ महिने नऊ दिवस मिळवून व्यायची तारीख काढा, म्हशीला दहा महिने दहा दिवस. त्याच्या आधीचे दोन महिने गाय आटवून ठेवायची आहे. सातव्या महिन्यापर्यंत दूध चांगलं आहे म्हणून पुढंही काढत राहिलात तर ती खंगलेली विते, आणि पुढच्या वेताला हीच वही परत उघडावी लागते. आटवायची तारीख आजच लिहून टाका.